लवकरच म्हणजे कधी?

'लवकर' हा शब्द मराठीत एकटाच तीन कामं करतो. 'लवकर ऊठ' म्हटलं की अर्थ होतो नेहमीच्या वेळेआधी. 'लवकर चाल' म्हटलं की भरभर. 'बस लवकर येईल बहुतेक' म्हटलं की थोड्याच वेळात. इंग्रजीत या तिन्हींसाठी अर्ली, फास्ट आणि सून असे वेगळे शब्द आहेत, आणि शाळेत आपण त्यांचा भरपूर घोळ घातलेला असतो. आपलं एका शब्दात भागतं.

गंमत पुढे आहे. या शब्दाला 'च' लावून बघा. मराठीत 'च' जोर देण्यासाठी येतो. 'मीच', 'आजच', 'इथेच' म्हटलं की गोष्ट पक्की होते, सरकायला जागा राहत नाही. 'लवकर'ला 'च' लागला की मात्र उलटं होतं. 'लवकर करतो' यात थोडी तरी घाई ऐकू येते. 'लवकरच करू' यात घाई संपलेली असते आणि उरतो तो फक्त दिलासा. जोर वाढला, पण वजन कमी झालं.

आणखी एक गोष्ट. हे दोन शब्द कोण कुणाला म्हणतं ते पाहा. 'लवकर कर' हे आई मुलाला म्हणते, साहेब हाताखालच्याला म्हणतो, खिडकीच्या आतला माणूस बाहेरच्याला म्हणतो: 'कागदपत्रं लवकर आणा.' बाहेरचा माणूस त्यावर 'लवकरच आणतो' असं म्हणत नाही. म्हणाला तर त्याचा अर्ज बाजूला पडेल. त्याला वार सांगावा लागतो. 'लवकरच' म्हणायची सोय ज्याच्या हातात घड्याळ आहे त्यालाच असते.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. चंद्रपुरात वाढलो, तिथेच इंजिनीअरिंग केलं. आता पुण्यातल्या लोकांसोबत काम करतो, अर्धं वर्ष तिकडे आणि अर्धं घरून. माझ्या कामात 'लवकरच' हा शब्द रोज येतो. अॅपमध्ये एखादी सुविधा तयार नसेल तर तिथे राखाडी रंगाचं बटण ठेवायचं आणि खाली लिहायचं, 'लवकरच येत आहे'. घरी आलो की हाच शब्द पुलाच्या बोर्डावर, कार्यालयाच्या खिडकीत, निवडणुकीच्या भाषणात भेटतो. दोन्हीकडे तो इतका भेटला की मला त्याच्याबद्दल एक साधा प्रश्न पडला. 'लवकरच' म्हणणं हे वचन आहे का? आणि ते वचन नसेल, तर ऐकणाऱ्याचं त्यात नेमकं काय जातं?

आधी शब्दाचीच थोडी कुंडली पाहू. इंग्रजीतला 'सून' हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'सोना' असा होता आणि त्याचा अर्थ होता 'ताबडतोब'. पुढे तो घसरत घसरत 'थोड्या वेळाने' इथे आला. 'प्रेझेंटली' या शब्दाचंही तसंच झालं. आधी 'या क्षणी', मग 'जरा वेळाने'. 'बाय अँड बाय' हा शब्दप्रयोगही एकेकाळी 'लगेच' या अर्थाने वापरत. म्हणजे एका भाषेतले 'ताबडतोब' म्हणणारे शब्द ओळीने 'नंतर' या अर्थाकडे सरकले.

आपल्याकडे 'तूर्त' बघा. संस्कृतात तूर्त किंवा तूर्ण म्हणजे जलद. मराठीत 'तूर्तास हा विषय बाजूला ठेवू' म्हणताना तो कुठे येऊन पोचला आहे? जो शब्द वेगासाठी होता तो आता थांबवण्यासाठी वापरतात. 'तत्काळ' म्हणजे सरळ 'त्याच वेळी'. रेल्वेने १९९७ मध्ये तत्काल तिकिटाची योजना आणली आणि आज आपल्या पिढीला तत्काल म्हटलं की जास्तीचे पैसे आणि आदल्या दिवशी सकाळी दहाला स्क्रीनवर रोखलेलं बोट आठवतं. 'यथावकाश' हा तर सरकारी पत्रांचा लाडका शब्द. यथा अवकाश, म्हणजे जशी सवड मिळेल तसं. सवड कुणाची, हे शब्दात नाही. ती लिहिणाऱ्याची असते, हे वाचणाऱ्याला अनुभवाने कळतं.

आमच्या भागात यावर एक वेगळा उपाय आहे. विदर्भात काम 'होत आहे' असं म्हणत नाहीत, 'होऊन रायलं' म्हणतात. 'काय झालं जी त्या कामाचं?' 'होऊन रायलं ना जी.' या उत्तरात काम सुरू झालंय की नाही, निम्मं झालंय की संपत आलंय, यातलं काहीच कळत नाही. पण काहीतरी हलतंय असा भास होतो.

हे शब्द आपोआप घसरले नाहीत. दरवेळी कुणीतरी 'आत्ता आलो' म्हणून तासाने आलं, आणि शब्दाची किंमत थोडी उतरली. नोटा जास्त छापल्या की पैशाचं जे होतं तेच इथे झालं. मग जुन्या शब्दावर भरवसा राहिला नाही म्हणून नवा शब्द आणला, तोही काही पिढ्यांत झिजला. 'लगेच' झिजला म्हणून 'आत्ताच', 'आत्ताच' झिजला म्हणून 'आत्ताच्या आत्ता'. वेळेची क्रियाविशेषणं ही माणसांच्या न पाळलेल्या शब्दांची एक मोठी नोंदवही आहे, असं म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्र सरकारला हे कळलेलं आहे, याचा पुरावा कायद्यातच आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब यांवर २००५ चा एक अधिनियम आहे. त्यात या शब्दांना चक्क आकडे दिलेत. साधी फाइल एका टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. तातडीची फाइल शक्यतो चार दिवसांत निकाली निघावी. त्याहून निकडीची, म्हणजे 'तत्काळ' वाली, शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. शब्दकोशाला जे जमलं नाही ते कायद्याला करावं लागलं, कारण नुसत्या 'तातडीने'चा अर्थ कुणी धरत नव्हतं. माहितीच्या अधिकारात ३० दिवस, आणि कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात प्रत्येक सेवेला दिवस ठरवायचे आणि विनाकारण चुकवले तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. या सगळ्या कायद्यांचं सार एका वाक्यात सांगता येईल: 'लवकर' हा शब्द नागरिकाला उत्तर म्हणून चालणार नाही, आकडा सांगा.

आकड्याचा एवढा आग्रह का, हे मला माझ्या कामातून नीट कळलं. एक संगणक दुसऱ्याला काहीतरी विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. उत्तर आलं नाही तर दोन शक्यता असतात. समोरचा संगणक हळू चाललाय, किंवा तो बंद पडलाय. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी यावर एक प्रसिद्ध सिद्धता दिली. निरोप पोचायला किती वेळ लागेल याला काही कमाल मर्यादाच नसेल आणि एखादा संगणक गुपचूप बंद पडू शकत असेल, तर सगळ्या संगणकांचं एका निर्णयावर नक्की एकमत होईलच अशी कुठलीही ठरीव पद्धत असू शकत नाही. कारण मुळात तेच: मर्यादा नसली की उशीर आणि मरण यांतला फरक कळत नाही.

म्हणून आम्ही टाइमआउट ठेवतो. तीस सेकंद थांबायचं. उत्तर आलं नाही तर ते 'नाही' समजायचं आणि दुसरा रस्ता धरायचा. हा अंदाज कधी चुकतो, समोरचा एकतिसाव्या सेकंदाला उत्तर देतो. तरीही टाइमआउट हवाच, कारण त्याच्याशिवाय विचारणारा संगणक कायमचा अडकून राहतो. त्याचं स्वतःचं बाकीचं कामही ठप्प होतं.

'लवकरच' हा टाइमआउट नसलेला शब्द आहे. ज्याला तो ऐकवला जातो त्याला हळू आणि बंद यांतला फरक करता येत नाही. त्याचं नुकसान इथून सुरू होतं. नकार मिळाला असता तर तो दुसरीकडे गेला असता. तारीख मिळाली असती तर त्याने बाकीची कामं त्याभोवती लावली असती, आणि तारीख चुकली तर त्याला भांडायचा हक्क मिळाला असता. 'लवकरच'मुळे यातलं काहीच होत नाही. आणि बोलणाऱ्याचा शब्द? तो मोडतच नाही. दहा वर्षांनीही 'लवकरच' खरंच असतं. वचनाची ओळख म्हणजे ते मोडता येतं. जे मोडताच येत नाही ते वचन कसं म्हणायचं?

मूल तालुक्यात माझ्या मामाची थोडी धानाची शेती आहे. दोन वर्षांपूर्वी कापणीच्या तोंडावर रानडुकरांनी एका रात्रीत त्याच्या बांधीचा मोठा कोपरा लोळवला. आमच्याकडे हे नवं नाही. जंगलाला लागून शेत म्हटलं की ते आलंच. वन्यप्राण्यांनी पिकाचं नुकसान केलं तर भरपाई मिळते, त्यासाठी पंचनामा व्हावा लागतो. मामा दुसऱ्याच दिवशी अर्ज देऊन आला. उत्तर मिळालं, 'लवकरच येतो पंचनाम्याले, काका.'

आता मामाची अडचण समजून घ्या. धान कापावं तर पुरावा जातो. नाही कापावं तर लोळलेल्याच्या शेजारचं चांगलं धानही गळायला लागतं आणि डुकरं रोज रात्री परत येतात. 'परवा येतो' असं उत्तर असतं तर तो थांबला असता. 'महिनाभर जमणार नाही' असं असतं तर त्याने कापून टाकलं असतं. आठ दिवस तो रात्री मचाणावर बसला, मग कापलं. त्यानंतर तीन दिवसांनी माणूस आला. बांधीत धसकटं होती. 'काय पाहून लिहू, काका?' असं त्याने विचारलं, आणि त्याचंही खरंच होतं.

या गोष्टीत खलनायक शोधला तर सापडत नाही, आणि मला ती त्यामुळेच महत्त्वाची वाटते. त्या माणसाकडे किती गावं होती, गाडीत पेट्रोल होतं की नव्हतं, हे मामालाही माहीत होतं. 'लवकरच' म्हणताना तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच लवकर यायचं असेल. पण चांगल्या हेतूने बोललेल्या त्या शब्दाने आठ दिवसांचा निर्णय मामाच्या हातातून काढून घेतला आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातातही दिला नाही. नुकसान डुकरांनी केलं ते एक. वाट पाहण्यात झालं ते दुसरं, आणि त्याचा पंचनामा कुठेच होत नाही.

मराठीत 'वाट पाहणे' हा शब्द किती नेमका आहे. माणूस थांबतो तेव्हा तो रस्त्याकडे बघत असतो. गडचिरोलीत तर हे अक्षरशः खरं आहे. सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास. 'लवकरच होईल, चौकशी करत राहा' हे पुण्यात ऐकणं आणि सिरोंच्यात ऐकणं यात फरक आहे. पुण्यात चौकशी म्हणजे एक फोन. इथे चौकशी म्हणजे एका दिवसाची मजुरी, बसचं भाडं, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर नसेल तर. वडसा ते गडचिरोली ही सुमारे पन्नास किलोमीटरची रेल्वे २०११-१२ च्या अर्थसंकल्पात मंजूर झाली. त्यानंतर दहा वर्षं उलटली तेव्हाही जिल्ह्याच्या गावात रेल्वे आलेली नव्हती. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुलं मधल्या काळात दहावी पास झाली.

जंगलाच्या हक्काबाबत तर हा असमतोल अजून ठळक दिसतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या सुरुवातीलाच मान्य केलंय की वनवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. त्या कायद्यात लोकांकडून मागितलेल्या वेळा मात्र एकदम काटेकोर आहेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात हवी. आदिवासी नसलेल्या पण जंगलावर जगणाऱ्या कुटुंबाने तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहत असल्याचं दाखवायचं. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध दाद मागायची असेल तर ६० दिवसांत. ज्याच्या घरात जन्माचा दाखलाही नीट नाही त्याच्याकडे वेळेचा इतका बारीक हिशोब मागितला जातो. त्याची मुदत चुकली तर त्याचा हक्क जातो. त्याला 'लवकरच' म्हणणाऱ्याचं काय जातं?

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव याच कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातलं सुरुवातीचं गाव. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा हक्क मान्य झाला. पण बांबू कापून विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो द्यायला वनखातं तयार नव्हतं. बांबू हे झाड की गौण वनउपज, यावर वाद चालला, जरी कायद्यात बांबू गौण वनउपजात स्पष्ट लिहिलेला होता. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कागदावर 'मिळाला' आणि हातात 'मिळाला' यांत दीड वर्षाहून जास्त अंतर होतं, आणि ते संपवायला दोन सरकारांना गावात यावं लागलं. मेंढ्याचं नशीब की त्यांची ग्रामसभा घट्ट होती, पाठपुरावा करणारे सोबती होते. प्रत्येक गावाकडे ते नसतं.

इथे कुणी म्हणेल, सगळ्याच गोष्टींना तारीख कशी देणार? खरं आहे. मोह कधी पडायला लागेल हे चैत्राच्या तोंडावर कुणालाच नेमकं सांगता येत नाही. 'पडेल आता' एवढंच म्हणतात. तेंदूचं पानही ऊन आणि अवकाळी पाऊस यांच्या मर्जीने तयार होतं. ही 'आता', हे 'लवकर' मला कधी खटकत नाही. कारण म्हणणारा माणूसही त्याच झाडाखाली टोपली घेऊन उभा असतो. उशीर झाला तर त्याचीही टोपली रिकामी.

मेंढ्याची ग्रामसभाही काही भरभर निर्णय घेत नाही. तिथे बहुमताने ठरत नाही, सर्वसहमतीने ठरतं. एकाचं जरी पटलं नाही तरी विषय पुढच्या सभेत जातो, मग त्याच्या पुढच्या. तिथेही एखादा माणूस विचारेल की 'आपलं कधी ठरणार?' आणि उत्तर मिळेल की 'अजून नाही ठरलं.' पण उत्तर देणारे आणि वाट पाहणारे एकाच वर्तुळात बसलेले असतात. म्हणून माझा राग हळूपणावर नाही. हळू चालणारी न्याय्य गोष्ट असू शकते, घाईघाईची अन्याय्य गोष्टही असू शकते. प्रश्न एवढाच की उशिराची किंमत कोण भरतंय, आणि बोलणाऱ्याचा त्यात काही वाटा आहे का.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. 'लवकरच' मध्ये माया असते. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या माणसाने विचारलं, घरी कधी नेता, तर आपण 'लवकरच' म्हणतो. तिथे तारखेचा आग्रह धरणारा माणूस क्रूर ठरेल. मान्य. पण तिथेही बघा, आपण ते म्हणताना पलंगाच्या कडेला बसलेलो असतो. हात हातात असतो. तो शब्द तिथे वेळ सांगतच नाही, 'मी आहे' एवढं सांगतो. तोच शब्द खिडकीच्या काचेमागून आला की त्यातलं 'मी आहे' गळून जातं.

आणि सगळ्या मायेच्या माणसांना हा शब्द चालतो असंही नाही. माझी आजी फोनवर 'लवकरच येतो'ला उत्तरच मानत नाही. 'पोळ्याले येशीन का मंडईले?' असं विचारते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, पाहुणे येतात. आजीकडे कॅलेंडर भिंतीवर असलं तरी डोक्यात सणांचं आहे. दोन पर्याय देऊन ती माझ्याकडून एक वचन काढून घेते, जे मोडलं तर मोडलं हे दोघांनाही कळेल. ती कधी शाळेत गेली नाही. पण टाइमआउट म्हणजे काय हे तिला माझ्याआधी माहीत होतं.

आता 'आत्ता' या शब्दाबद्दल. कारण काही ठिकाणी तारीखही उपयोगाची नसते. जन्मलेलं बाळ श्वास घेत नसेल तर हातात काही मिनिटं असतात. गडचिरोलीच्या आतल्या गावात, पावसाळ्यात, पर्लकोटेच्या पुरात भामरागडचा संपर्क तुटलेला असताना, 'गाडी लवकरच पोचेल' या वाक्याला काय अर्थ आहे? इथे प्रामाणिक माणूसही हतबल होतो. गाडी कितीही वेगाने पळवली तरी तो वेग पुरत नाही.

१९८६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने यावर वेगळा विचार केला. डॉक्टर गावात वेळेत पोचत नाही, तर गावातल्याच एका बाईला शिकवायचं. गुदमरलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचं, ऊब कशी ठेवायची. ३९ गावांत हा प्रयोग झाला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले.

मला यात वेळेचा मोठा धडा दिसतो. 'आत्ता' हे वेगाने मिळत नाही, जवळ असण्याने मिळतं. ज्या रात्री बाळ जन्मलं त्या रात्रीचं 'आत्ता' हे त्याच्या कितीतरी आधी, कुणीतरी त्या बाईला शिकवायला बसलं तेव्हा तयार झालं. पुढे याच धर्तीवर देशभरातल्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी जाऊ लागल्या. त्यांच्या भेटीचे दिवस ठरलेले आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. बाळ घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. 'पुन्हा लवकरच येऊन बघते' असं त्यात कुठेच नाही. चौदाव्या दिवशी ती आली नाही, तर ती आली नाही हे बाळाच्या आईला कळतं. साध्या, गरीब घरातल्या आईलाही कळतं. हा किती मोठा अधिकार आहे.

तर मग ज्याला खरंच माहीत नाही, त्याने काय म्हणावं? आमच्या क्षेत्रात याचं एक साधं उत्तर रूढ आहे आणि मला ते नैतिकदृष्ट्याही बरोबर वाटतं. एखादी सेवा बंद पडली की लोकांना सांगावं लागतं. कधी सुरू होईल हे आम्हाला त्या क्षणी माहीत नसतं. तेव्हा चांगली टीम 'लवकरच सुरू होईल' असं लिहीत नाही. ती लिहिते, 'कारण शोधत आहोत. पुढची माहिती साडेचार वाजता देऊ.' साडेचारला काही कळलेलं नसेल तरी साडेचारला तेच लिहायचं, आणि पुढची वेळ द्यायची. काम कधी होईल हे आपल्या हातात नसलं, तरी पुढचा निरोप कधी देऊ हे नेहमी आपल्या हातात असतं. जे आपल्या हातात आहे त्याची तारीख देणं एवढं तरी कुणालाही जमतं. त्यासाठी बजेट लागत नाही, मंजुरी लागत नाही.

मामाला कुणी म्हटलं असतं, 'येऊ शकतो का नाही ते बुधवारी सांगतो,' तर पुरलं असतं. बुधवारी 'नाही जमत' असं कळलं असतं तरी तो गुरुवारी विळा घेऊन बांधीत उतरला असता. त्याचं नुकसान झालंच असतं, पण निर्णय त्याचा राहिला असता.

आपल्यातले बरेच जण काही वर्षांत खिडकीच्या आतल्या बाजूला असतील. कुणी तहसीलमध्ये, कुणी बँकेत, कुणी माझ्यासारखे एखाद्या अॅपच्या मागे. समोरच्याला 'लवकरच' ऐकवण्याची सोय आपल्यालाही मिळेल, आणि ती वापरताना आपल्याला आपण वाईट वागतोय असं अजिबात वाटणार नाही. म्हणून तोंडातून तो शब्द निघण्याआधी त्याच्या जागी एक वार किंवा एक तारीख बसते का ते बघायला हवं.

आणि तोवर, आपण खिडकीच्या बाहेर उभे असू तेव्हा, कुणी 'लवकरच होईल' म्हटलं तर मान हलवून परत फिरायचं नाही. आवाज न चढवता, आजीच्या पद्धतीने विचारायचं: 'बरं जी. मग विचाराले कोणत्या तारखेले येऊ?'